दारामागची तीन मिनिटं

पंखा बंद पडला आणि तिला त्या पोरीचा आवाज ऐकू आला.

एरवी तो ऐकू यायचं काही कारण नव्हतं. बालवर्गाच्या खोलीतला उभा पंखा म्हणजे एक मोठा खुळखुळाच होता. त्याची जाळी एका बाजूने सुतळीने बांधलेली, आणि पातं फिरलं की सुतळीचं सुटं टोक जाळीवर टकटक टकटक वाजत राहायचं. सकाळपासून सहा मुलं त्या टकटकीखाली येऊन बसून, आपापली तीन मिनिटं पुरी करून गेली होती. ही सातवी. दोन घट्ट वेण्या, फ्रॉकचं वरचं बटण तुटलेलं, पायात एक नंबर मोठे नवे बूट. आई उठून बाहेर जायला निघाली तेव्हा हिने खुर्चीखालची तिची पिशवी ओढून काढली, दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली आणि म्हणाली, "जा." दारही तिनेच लोटलं. मग ठोकळ्यांपुढे येऊन बसली, एक पिवळा ठोकळा हातात घेतला, आणि तिचे ओठ हलू लागले. कोपऱ्यात कपाटाशेजारी बसलेल्या निरीक्षक बाईने खिशातल्या घड्याळाची कळ दाबली आणि तक्त्यावर सवयीने पेन टेकवलं. मुद्दा सातवा, पालकापासून दूर होणे. पहिला चौकोन, सहज. खाली शेरा, 'एकटी रमते, स्वतःशी गुणगुणते.' इतक्या वर्षांत हा शेरा तिने इतक्यांदा लिहिला होता की तो आता तिचा हातच लिहायचा. तेवढ्यात वीज गेली, पातं सुस्तावत थांबलं, सुतळी गप्प झाली, आणि पोरीच्या ओठांवरचे शब्द उघडे पडले. "दार गेलं, दार येईल…"

 पेन होतं तिथेच राहिलं.

तसं तिचं काम ऐकायला सोपं होतं. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या महिन्यात वस्ती-वस्तीतून फिरायचं, चार-साडेचार वर्षांच्या मुलांना एकेक करून बसवायचं, आईला तीन मिनिटं दाराबाहेर पाठवायचं आणि मूल काय करतं ते बघून चौकोनात खूण करायची. मूल मनाने शाळेला तयार आहे की नाही, ते बावीस मुद्द्यांत मावायचं. पुलाखालच्या वस्तीत ती पहिल्या वर्षी आली तेव्हा नळावरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं होतं, "कसली मोजणी? जमिनीची?" ती म्हणाली, "नाही आजोबा, मुलांची." म्हातारा म्हणाला, "ती तर आम्हीच मोजतो रोज संध्याकाळी, एखादं कमी भरतंय का बघायला." सगळा नळ हसला. त्या दिवसापासून ती मोजणीबाई झाली. नाव तिला आवडलं होतं. हसून हाक मारतात म्हणजे आपलं मानतात, असा तिचा हिशेब.

तिच्या खुणांवरून वर कचेरीत एक नकाशा रंगायचा. टेकडीवरची वस्ती दरवर्षी लाल. तिथली मुलं दार लागायच्या आतच भोकाड पसरायची, आईच्या पदराला लोंबकळायची, एकाने तर तिच्या मनगटाला चावून तिचं घड्याळ बंद पाडलं होतं. पुलाखालची वस्ती दरवर्षी हिरवीगार. इथलं पोर रडायचं नाही. आणि जिथे लाल, तिथे बालवर्गाला दुसरी बाई मिळायची. कागदावर तिला सहायिका म्हणत, पण बोलताना सगळे मांडीबाईच म्हणायचे, कारण तिचं कामच ते. रडणाऱ्याला मांडीवर घ्यायचं, नाक पुसायचं, घर कुठल्या बाजूला आहे ते खिडकीतून दाखवायचं. टेकडीला दोन मांडीबाया होत्या. पुलाखाली एकतीस मुलं आणि एकच शिक्षिका. यात काही चुकतंय असं तिला कधी वाटलं नव्हतं. ज्याला ताप त्याला औषध.

आज सकाळी मात्र इथल्या शिक्षिकेने सतरंजी झटकता झटकता, तिच्याकडे न बघता सुनावलं होतं. "तुमचा तो गेल्या वर्षीचा बावीसपैकी बावीसवाला आठवतो का बाई? हिरव्या स्वेटरचा? तो या गाद्यांच्या थप्पीमागे झोपला. मी सुटीच्या वेळी डोकी मोजली, एकाचं डोकं दोनदा मोजलं असणार, आणि कुलूप लावून गेले. बाप आला तेव्हा दोन तास होऊन गेले होते. दार उघडलं तर पठ्ठ्या जागा. खिडकीखाली हाताची घडी घालून बसलेला. मी म्हटलं, अरे, हाक का नाही मारलीस? खिडकीपलीकडे रस्ता आहे, माणसं आहेत. तर म्हणतो, मी गप बसलो होतो. शाबासकी मागत होता माझ्याकडे." सतरंजी एकदाची पसरली गेली. "आमची पोरं रडत नाहीत, त्याची शिक्षा त्यांनाही होते आणि मलाही."

"पण मी जे दिसतं तेच लिहिते," ती म्हणाली होती.

"मग जरा नीट दिसू द्या की," शिक्षिका म्हणाली आणि बाहेरच्या बाकावरच्या आयांना रांगेत बसवायला निघून गेली.

"दार गेलं, दार येईल…" पोरगी पुन्हा म्हणाली, पिवळा ठोकळा निळ्यावर ठेवत. पुढच्या ओळी मोजणीबाईला ठाऊक होत्या. कुणी झोपेतून उठवून विचारल्या असत्या तरी तिने सांगितल्या असत्या, पण बेचाळीस वर्षांत कुणी विचारल्या नव्हत्या. दार गेलं, दार येईल, उंबऱ्यावर ऊन येईल. ऊन शिरलं खाटेखाली, तेव्हा आई घरी आली. ही ओळ पुलाखालची होती. दुसरीकडे कुठे ती असायचंच कारण नव्हतं, कारण पुलाखाली ऊन दिवसातून एकदाच यायचं, दोन खांबांच्या मधून, दारावरच्या झरोक्यातून, तिरकं, एखाद्या पाहुण्यासारखं. आधी उंबऱ्यावर थांबायचं, मग आत यायचं, फरशीच्या तिसऱ्या ओळीवर लांबट व्हायचं आणि खाटेखाली शिरून विझायचं. ते विझलं की बाटल्यांच्या कारखान्याची पाळी सुटायची. तिची आई तिथे बाटल्या धुवायची. तिच्या हातांना सोड्याचा उग्र वास यायचा आणि बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली असायची. शेजारणीवर मूल टाकून जायचं तर शेजारीणही कारखान्यातच, म्हणून आयांनी मिळून हे गाणं केलं होतं. घड्याळ न कळणाऱ्या पोरांसाठी उन्हाचं घड्याळ. सकाळी ती स्वतः आईची पिशवी आणून द्यायची. आई म्हणायची, "माझी शहाणी ती." दाराला बाहेरून कडी लागायची, आणि ती गाणं सुरू करायची. आपण या वस्तीतल्या, हे तिने कचेरीत कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं नाही असं काही ठरवलेलं नव्हतं. विषय निघाला नाही, आणि निघू दिला नाही.

एके दिवशी आभाळ भरून आलं होतं. उंबऱ्यावर ऊन आलं ते फिकट, ताकाच्या निवळीसारखं, आणि तिथेच अडलं. ती चार वर्षांची. ऊन आत येईना, म्हणजे आई येणार नाही. गाण्यात तसं सरळच सांगितलं होतं. तिने गाणं पुन्हा म्हटलं, हळू म्हटलं, जोरात म्हटलं. पोटात काहीतरी गार, गुळगुळीत सरकत होतं. मग तिला सुचलं, की ऊन खाटेखाली येत नसेल तर खाट उन्हावर न्यावी. खाट लोखंडी. तिने पाठ लावली, पाय भिंतीला टेकले, आणि रेटली. खाट किंचाळली, फरशीवर ओरखडा उमटला. वीतभर, मग अजून वीतभर. केव्हातरी उन्हाचा तो मळका चौकोन खाटेखाली गेला. ती वर चढून बसली आणि दाराकडे बघू लागली. आई आली नाही. ऊन खाटेखाली होतं, ओळ पुरी झाली होती, आणि आई आली नाही. नंतर किती वेळ गेला ते तिला कधीच सांगता आलं नाही. पुष्कळ नंतर कडी वाजली, आणि दार उघडेना, कारण दारापुढे खाट आडवी. बाहेरून आई ढकलतेय, हाका मारतेय, आणि आत ही हाताची घडी घालून बसलेली. शेवटी फटीतून हात घालून आईने खाट सरकवली, आणि आत येऊन काय ते कळल्यावर हसत सुटली. इतकी हसली की खाली बसली. "खाट ओढलीस होय गं? एवढीशी तू!" पुढे आयुष्यभर आई हे सगळ्यांना सांगत राहिली. लग्नात सांगितलं, बाळंतपणात सांगितलं, आणि शेवटच्या आजारात नर्सलाही सांगितलं, "कधी रडली नाही हो ही. एक अश्रू नाही." दोन महिन्यांपूर्वी आई गेली तेव्हाही नाही. माणसं येऊन म्हणून गेली, किती सावरलंय हिने. फक्त तिची मुलगी एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली होती, "आई, तू समोर असलीस ना, की माझं रडू आतच राहतं." तिला ते कौतुक वाटलं होतं. आता या बंद पडलेल्या पंख्याच्या खोलीत ते वाक्य परत आलं, आणि तिने नकळत कपाटाच्या कडेला हात टेकवला.

कारण पोरगी दुसऱ्या ओळीवर आली होती, आणि दुसरी ओळ तिच्या ओळखीची नव्हती.

"दार गेलं, दार येईल, मोजणीबाई बघून जाईल." लाल ठोकळा पिवळ्यावर. आवाज अगदी आतला, सपाट, पाठ केलेला. डोळे ठोकळ्यांवर. "मोजणीबाई दूर गेली, मग रडायची वेळ आली."

आधी तिला हसू फुटलं, ते घशातच राहिलं. आपण गाण्यात गेलो. उंबरा गेला, ऊन गेलं, खाट गेली. कुणीतरी, कधीतरी, या पुलाखालच्या कुठल्याशा खोलीत बसून तिथे आपल्याला बसवलं. पोरं गुणगुणतात म्हणून आपण शेरा मारत राहिलो, आणि ती आपल्यालाच गुणगुणत होती. सहा, सात, आठ वर्षं. किती ओठ. आता पोरीकडे नीट बघितल्यावर जे दिसायला हवं होतं ते एकेक दिसू लागलं. मोठ्या बुटांच्या आत पायांची बोटं आवळलेली होती, चामडं वर उचललं जात होतं. गळ्याजवळची शीर उडत होती. ठोकळे ती रचत होती खरी, पण मनोरा होत नव्हता. तीनच ठोकळे, खालचा वर, वरचा खाली. आणि दर वेळी ओळ संपली की डोळ्यांची एक झेप कोपऱ्याकडे, तिच्याकडे. अजून आहे का? आहे. मग पुन्हा, दार गेलं, दार येईल.

खिशातलं घड्याळ अंगठ्याखाली टिकटिकत होतं. एक मिनिट चाळीस. सकाळी साहेबांचा फोन आला होता. "पुलाखालचे तक्ते दोनपर्यंत पाठवा. ते काय, दरवर्षीसारखेच असणार, पटापट उरका. यंदा एकच मांडीबाई शिल्लक आहे, टेकडीवाले तिसरी मागताहेत." ती "हो साहेब" म्हणाली होती. आता सहज या चौकोनातली खूण पुरी करायची, बास. नियमही तिच्याच बाजूने होता. निरीक्षकाने तीन मिनिटांत जागा सोडायची नाही, मुलाशी बोलायचं नाही, आणि कशाला किती गुण आहेत ते पालकांना सांगायचं नाही. तिने आजवर एकही नियम मोडला नव्हता. जे दिसतं ते लिहायचं. पण मी बसले आहे म्हणून जे दिसत नाही, ते कुठल्या चौकोनात लिहायचं?

दोन मिनिटं. तिने तक्ता पिशवीत घातला आणि उठली. गुडघा कटकन वाजला. पोरगी दचकली, पण लगेच सावरली. ती पटकन उठली, कोपऱ्यात आली, खुर्चीला टेकवलेली मोजणीबाईची छत्री उचलली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली. "जा," म्हणाली. आदबीने. एवढ्या जवळून तिला पोरीच्या खालच्या ओठाच्या आतली दातांची खूण दिसली.

"जाते हं मी," ती म्हणाली. आवाज घोगरा आला. "मोजणीबाई चालली."

बाहेर आली आणि तिने दार ओढून घेतलं.

व्हरांड्यात बाकावर चार-पाच आया, प्रत्येकीच्या मांडीला एकेक पोर टेकलेलं. त्यांची कुजबूज एकदम थांबली. पोरीची आई दाराशीच उभी होती. हॉस्पिटलच्या धोबीखान्यात ती चादरींना इस्त्री करायची, हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने-नवे पट्टे होते. "झाली इतक्यात?" ती म्हणाली. "रडली नाही ना? रडायची नाही ती, ताई. दोन महिने सराव करून घेतलाय. पहिले दोन दिवस रडली, मग शिकली."

"सराव कशाला?"

"अहो, रडलं की शाळेत घेत नाहीत ना!"

"कोण म्हणतं?"

"सगळेच." आईने बाकाकडे बघितलं. बाकाने माना हलवल्या.

"रडलं म्हणून कुणाला घेतलं नाही, असं कधी झालंय?"

"कसं होईल?" आई म्हणाली, आणि तिच्या स्वरात शहाणपणाचा जरासा तोरा होता. "कुणी रडलंच नाही आजवर."

शिक्षिका रांगेच्या टोकाला उभी होती. ती आधी खुदकन हसली, मग तिने तोंडावर हात ठेवला, आणि हात तिथेच राहिला.

मोजणीबाईने ओठांवर बोट ठेवलं. सगळे ऐकू लागले. आतून काही नाही. घड्याळ हातात उघडंच धरलेलं. दोन मिनिटं वीस. दोन तीस. समोरच्या भिंतीवर पुलावरून जाणाऱ्या गाडीचा हादरा आला आणि गेला. आपण चुकलो असू तर? पोरगी खरंच तयार असेल, नुसतं एक गाणं म्हणत असेल, पोरं काय वाटेल ते म्हणतात. मग आत जायचं, खूण करायची, दोनच्या आत उरकायचं. तिला हायसं वाटायला लागलं होतं. तेवढ्या दोन क्षणांचं ते हायसं वाटणं पुढे तिला फार दिवस बोचणार होतं.

दोन पन्नासला आवाज आला. आधी कुणाला तो रडण्याचा वाटलाच नाही. नळ कोरडा पडल्यावर हवा ओढतो तसा, खालून, तुटक. मग दोन हुंदके एकावर एक. मग ते उघडं, मोठं, चार वर्षांचं रडणं, शब्द नसलेलं, दाराच्या लाकडावर येऊन आदळणारं.

आईचा चेहरा पांढरा पडला. "कधी नाही हो ताई," ती म्हणाली, "शप्पथ, कधी नाही. एकदा परत बघा. उद्या बघा. मी हिला…" बाकावरच्या आयांनी आपापल्या पोरांच्या कानाशी तोंडं नेली होती. एका पोराचे ओठ हलायलाही लागले होते.

आणि इथे मोजणीबाईकडून एक चूक झाली, इतक्या वर्षांच्या सवयीने. रडणं ऐकून तिनेच पुढे होऊन दार उघडलं.

पोरगी खोलीच्या मधोमध उभी होती, तोंड वर करून. तिला बघताक्षणी ती थांबली. हुंदका अर्धा आत गेला, गिळला गेला, गळ्यातून खाली उतरताना दिसला. बाहीने नाक पुसलं. ठोकळ्यांपुढे बसली. हाताची घडी घातली. तीन सेकंदांत सगळं आवरलेलं, चोख. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, किती गुणी मूल.

मोजणीबाई एक पाऊल मागे आली. मग अजून एक. दाराबाहेर, भिंतीच्या आड, आतून दिसणार नाही अशी भिंतीला पाठ लावून उभी राहिली, आणि आईला म्हणाली, "तुम्ही जा. घ्या तिला."

"पण मग शाळेत…"

"शाळेत घेणारच आहेत. रडली तरी घेतात. रडली तर मांडीबाईही देतात." तिसरा नियमही मोडला तो असा, पाच आया ऐकत असताना, एका दमात. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही. मी सांगितलं नाही. जा ना, बाई, जा आत."

आई आत गेली.  मग पोरीचा आवाज, अगदी बारीक, "गेली?"

आईने मागे वळून बघितलं असावं. भिंतीआड मोजणीबाईने अंग चोरलं. आपली सावली दारात पडली आहे का, ते खाली वाकून बघितलं.

"गेली," आई म्हणाली.

मग ते पुन्हा सुरू झालं. या वेळी दबलेलं, आईच्या खांद्यात तोंड खुपसलेलं, आणि मध्ये मध्ये आईचं, "रड, बाळा. आता रड. हो. हो." बाकावर एका बाईने डोळे टिपले, आणि तिच्या मांडीशी टेकलेल्या पोराने ते अचंब्याने बघितलं. मग त्यानेही, हळूच, परवानगी मागितल्यासारखा ओठ काढला. शिक्षिकेने जाऊन त्याला उचललं.

मोजणीबाईने तक्ता काढला आणि समोरच्या भिंतीवर धरला. सातवा मुद्दा. पहिल्या चौकोनात तिची अर्धवट खूण होती. ती खोडून तिसऱ्या, 'रडते'च्या चौकोनावर पेन टेकवलं. उभ्या भिंतीवर पेन चालेना. नुसती कोरडी रेघ उमटली. तिने जोर दिला, पुन्हा पुन्हा तीच खूण गिरवत राहिली, कागद फाटेपर्यंत. बाकावरच्यांपैकी कुणीतरी "मोजणीबाई, अहो मोजणीबाई, बसता का जरा," असं म्हणत जागा करून देत होतं. तिला बसायचं होतं. तिला काहीतरी करायचंही होतं, तेच जे आत ती पोरगी करत होती. डोळ्यांमागे, घशाच्या खाली, कुठेतरी ते होतंही, फार दिवसांपासून, गार आणि गुळगुळीत. तिने ओठ हलवून बघितले. दार गेलं, दार येईल. उंबरा, ऊन, खाट, आई. एकदा म्हटलं, पुन्हा म्हटलं, शेवटपर्यंत जाऊन परत पहिल्यापासून. पण तिच्या वेळच्या गाण्यात रडायची ओळच नव्हती.